सिबेलियसच्या सिंफनीत चाल सापडत नाही, तेव्हा काय ऐकायचं?

प्रश्न थोडक्यात असा: 'फिनलंडिया' आणि व्हायोलिन कन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) आवडतो, पण फिनिश रचनाकार ज्याँ सिबेलियसच्या सिंफन्या, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या, बहुधा अनेक भागांच्या रचना, लावल्या की नुसते तुकडे कानावर पडतात, चाल काही हाती लागत नाही. त्या कोणत्या क्रमाने ऐकाव्यात? त्याच्या आयुष्याचा त्यांच्याशी काय संबंध? ध्वनिमुद्रणं कोणती घ्यावीत? आणि आठव्या सिंफनीचं नेमकं काय झालं?

तुकडे ऐकू येतात, म्हणजे कान ठीक आहेत. तिथे खरोखरच तुकडे आहेत. रशियन रचनाकार चायकोव्स्की आधी पूर्ण चाल समोर ठेवतो आणि मग ती मोडून खेळवतो. सिबेलियस बहुतेक वेळा उलट्या बाजूने येतो. आधी दोन-चार स्वरांच्या ठिणग्या इकडेतिकडे उडतात, त्या हळूहळू एकमेकींना चिकटतात, आणि सलग चाल ऐकू येते तेव्हा रचना संपत आलेली असते. पहिल्या मिनिटातच चालीची वाट पाहणाऱ्याची म्हणूनच निराशा होते. दुसरी गोष्ट, हा माणूस कापणारा होता. लिहिलेलं परत काढायचं आणि त्यातलं कमी करायचं, ही सवय त्याने जन्मभर सोडली नाही. शेवटी ती कुठवर गेली हे आठव्या सिंफनीपाशी येईलच.

आयुष्य जेवढं संगीताला लागतं तेवढंच सांगतो. ८ डिसेंबर १८६५ रोजी हामेनलिना गावी जन्म. घरातलं नाव यान्ने. 'ज्याँ' हे फ्रेंच वळणाचं नाव त्याने नंतर घेतलं, तेही दर्यावर्दी काकाच्या जुन्या व्हिजिटिंग कार्डांवरून. वडील डॉक्टर. १८६८च्या दुष्काळात साथीच्या तापाने गेले आणि मागे कर्ज ठेवून गेले. घरची भाषा स्वीडिश, शाळा मात्र फिनिश माध्यमाची. व्हायोलिन हाती आलं चौदाच्या सुमारास. नामांकित वादक व्हायला हे वय उशिराचं, आणि तरी स्वप्न तेच होतं. १८८५ मध्ये कायदा शिकायला हेलसिंकीला गेला आणि थोड्याच दिवसांत तो सोडून मार्टिन वेगेलियसच्या संगीतशाळेत रमला. पुढे बर्लिन, मग व्हिएन्ना. व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये व्हायोलिनवादक म्हणून चाचणी दिली, निवड झाली नाही. व्हायोलिन कन्चेर्टो असा का आहे, हे समजायला ही एवढी पार्श्वभूमी पुरते. तो लिहिणाऱ्याला ते वाद्य बोटांनी माहीत होतं.

२८ एप्रिल १८९२ रोजी 'कुलेर्वो' सादर झालं आणि तो रातोरात राष्ट्रीय रचनाकार ठरला. पाच भाग, पुरुषांचा वृंद, सोप्रानो आणि बॅरिटोन, सव्वा तासाच्या आसपास. कथानक 'कालेवाला' या फिनिश महाकाव्यातलं. आदल्या वर्षी त्याने लारिन पारास्के या लोकगायिकेकडून जुनी रूनोगीतं ऐकली होती. ही गीतं पाचेक स्वरांतच फिरतात आणि त्यांची लय पुष्कळदा पाच मात्रांची असते. 'कुलेर्वो'चा तिसरा भाग ५/४ मध्ये आहे तो यामुळे. पण लोकगीतं जशीच्या तशी उचलून त्याने सिंफन्या केल्या, हा समज चुकीचा आहे आणि खुद्द त्यानेही तो खोडून काढला होता. उचललंय ते वळण: थोडे स्वर, त्यांचंच पुनःपुन्हा येणं, आणि दर वेळी किंचित बदल. आणि बघा, एवढ्या यशाच्या रचनेवर कापण्याची पहिली वेळ आली ती इथेच. दुसऱ्या वर्षानंतर त्याने 'कुलेर्वो' मागे घेतलं, आणि तो जिवंत असेपर्यंत ते पूर्ण स्वरूपात पुन्हा वाजलं नाही.

'फिनलंडिया'ही लोकगीतावरची नाही, हे जाता जाता सांगतो. मधली प्रार्थनेसारखी चाल त्याचीच. मूळ रचना नोव्हेंबर १८९९ची, रशियन झारच्या सेन्सॉरशिपविरुद्ध वृत्तपत्रांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमातली. त्या चालीवरचे प्रसिद्ध शब्द चाळीसेक वर्षांनी आले.

आता कान कसा लावायचा. चाल शोधणं थोडा वेळ सोडून द्या आणि खालून वर ऐका. सिबेलियसकडे डबल बास (सर्वांत खर्जाचं तंतुवाद्य), टिंपनी (नगारे) किंवा हॉर्न (पितळी वाद्य) एकच स्वर मिनिटभरही धरून बसतात. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हा आधार पटकन ओळखू येतो, पण एक फरक लक्षात ठेवा: तानपुरा बदलत नाही, हा बदलतो. वर कितीही धावपळ चालू असो, खालचा स्वर सरकला की रचनेचं पान उलटलं असं समजा. नवीन माणसाला एवढी एक खूण पुरते. त्यानंतर लक्ष द्यायचं लयीकडे, कारण वरची लय आणि खालची लय बहुधा वेगवेगळ्या गतीने चालतात. वर तंतुवाद्यांची भुणभुण, खाली पितळी वाद्यांची संथ वाक्यं. वेगाकडेच पाहाल तर गोंधळ उडेल. चाल येईल ती संथ बाजूने येईल.

सुरुवात दुसऱ्या सिंफनीने करा. मुक्काम पोस्ट रापालो, इटली, १९०१. पहिला प्रयोग ८ मार्च १९०२. डी मेजर, पाऊण तासाची. पहिल्या भागात तंतुवाद्यं तीन चढते स्वर पुन्हापुन्हा वाजवतात, त्यावर लाकडी सुषिर वाद्यं एक हलकासा तुकडा टाकतात, हॉर्न उत्तर देतात आणि सगळं थांबतं. परत तसंच. हे तुकडे मधल्या भागात एकमेकांवर चढतात. दुसऱ्या भागात बास आणि चेलो नुसत्या बोटांनी तारा छेडत चालतात, त्यावर दोन बासून (खर्जातलं लाकडी सुषिर वाद्य). तिसऱ्या भागाची मजा चुकवू नका: घाईच्या वादनानंतर ओबो (लाकडी सुषिर वाद्य) येतो आणि एकच बी फ्लॅट नऊ वेळा वाजवून मग पुढे सरकतो. एका स्वराची चाल करायला धाडस लागतं. तिथून न थांबता शेवटचा भाग उगवतो, आणि त्याची चाल काय, तर डी, ई, एफ शार्प. सा रे ग. पहिल्या भागातल्या चढत्या स्वरांचीच ती भावंडं. इथवर आलात की पद्धत कळली.

त्यानंतर पाचवी. सिबेलियसचा कारखाना उघडा बघायचा तर हीच, कारण तिची दोन रूपं ऐकायला मिळतात. ८ डिसेंबर १९१५ला, पन्नासाव्या वाढदिवशी, त्याने ती स्वतः सादर केली तेव्हा भाग चार होते. १९१६ मध्ये दुरुस्ती केली, समाधान झालं नाही. मग महायुद्ध, १९१८चं फिनिश यादवी युद्ध, घराची झडती. आजचं रूप सिद्ध झालं १९१९च्या नोव्हेंबरात, आणि त्यात भाग तीन आहेत. पहिले दोन त्याने एकमेकांत वितळवले.

सुरुवातीला हॉर्न चार स्वर घेतात: बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ, बी फ्लॅट. ई फ्लॅटला सा मानलं तर मंद्र प, सा, रे, प. जवळजवळ सगळी सिंफनी या उड्यांमधून निघते. पुढे बासून एकटा विव्हळत राहतो आणि त्याच्याभोवती तंतुवाद्यं अगदी दबक्या आवाजात अर्ध्या स्वरांनी सरपटतात. हा भाग धुक्यासारखा आहे आणि तसाच ठेवायचा असतो. मग येतो तो प्रसिद्ध सांधा. १२/८ मधली संथ चाल ३/४ मध्ये, म्हणजे तीन मात्रांच्या गटांत, शिरते. आधीच्या एका ठोक्यात आता असा एक अख्खा गट (मात्रापट्टी) बसतो, आणि तिथून शेवटपर्यंत वेग वाढतच जातो. ऐकणाऱ्याला 'इथे बदललं' असं बोट ठेवता येऊ नये, ही अपेक्षा. बहुतेक चुका इथेच होतात. संचालक (कंडक्टर) वेग पायऱ्यापायऱ्यांनी वाढवतो, प्रत्येक पायरीवर ऑर्केस्ट्राला हिसका बसतो, आणि शेवटचं प्रेस्टो (अतिद्रुत लय) येईपर्यंत वाढवायला काही उरलेलंच नसतं. जो संचालक सांध्यावर उलट थोडा आवरून धरतो, त्याच्याकडे शेवट उडतो.

शेवटच्या भागात हॉर्न दोन-दोन स्वरांचे झोके घेतात. २१ एप्रिल १९१५ रोजी त्याने सोळा हंस डोक्यावरून जाताना पाहिले आणि ते आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या अनुभवांपैकी एक असल्याचं रोजनिशीत लिहिलं. हा झोका त्या दिवसाचा. त्याच वेळी डबल बासकडे कान द्या: तोच झोका ते तिप्पट संथ वाजवत असतात. वर लाकडी सुषिर वाद्यं आणि चेलो वेगळीच लांब चाल गातात. तीन थर, तीन गती. ऑर्केस्ट्रात हॉर्नना इथे पुढे यायचा मोह होतो. ते जोरात वाजले की वरची चाल बुडते आणि नुसता घंटानाद उरतो.

शेवटी सहा आघात, मधे शांतता. १९१५च्या रूपात या आघातांच्या मधली पोकळी तंतुवाद्यांनी भरलेली होती. १९१९ मध्ये त्याने ते भरण काढून टाकलं. एवढ्या एका काटछाटीने शेवट अमर झाला. या शांतता मोजून वाजवायच्या असतात, अंदाजाने लांबवायच्या नसतात. संचालक नाट्यासाठी ताणत गेला की लय तुटते, आणि मग चौथ्या आघातानंतर सभागृहात कुणीतरी टाळी वाजवतं. दोष टाळी वाजवणाऱ्याचा नसतो.

चौथी मात्र पहिल्यांदा ऐकू नका. १९०८ मध्ये घशातल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली, दारू आणि सिगार सुटले, जवळजवळ सात वर्षं सुटलेले राहिले, आणि मृत्यूची भीती घरात राहायला आली. ३ एप्रिल १९११ची ही ए मायनर सिंफनी त्या काळातली. चेलो, डबल बास आणि बासून पहिल्याच क्षणी सी, डी, एफ शार्प, ई वाजवतात. सा, रे, तीव्र मध्यम, ग. सा आणि तीव्र मध्यम यांमधलं जे अंतर आपल्या कानाला हिंडोलात किंवा मारव्यात खुपत नाही, ते इथे जागा न सापडल्यासारखं लोंबकळत राहतं, कारण खाली सा कोण हेच ठरलेलं नसतं. पस्तीस मिनिटं हा वाद मिटत नाही.

या सिंफनीत एक जुनं भांडण आहे. शेवटच्या भागात स्वरलिपीवर 'ग्लॉकेन' एवढंच लिहिलंय. म्हणजे चर्चच्या घंटांसारख्या लोंबत्या नळ्या की छोटं चकचकीत ग्लॉकेनश्पील? नळ्या वापरल्या तर प्रसंग अंत्ययात्रेसारखा होतो आणि तंतुवाद्यांच्या वरचा बर्फाळ चमकारा नाहीसा होतो. माझं मत ग्लॉकेनश्पीलच्या बाजूचं. काही संचालक दोन्ही वाजवतात, तो मला निर्णय टाळणं वाटतो. आणि शेवट: ए मायनरचे साधे, मध्यम जोराचे ठोके. मंदावणं नाही, विरून जाणंही नाही. तिथे आवाज हळूहळू मिटवत नेला की श्रोता हळहळतो, पण लिहिलंय त्याहून ते कितीतरी सोपं होतं. सिबेलियसने खांदे उडवून दार लावलेलं आहे.

सहावी (१९२३) काफीची सवय असलेल्यांना घरच्यासारखी वाटेल. तिचा पाया डोरियन, म्हणजे गंधार-निषाद कोमल, थेट काफी थाटाचे स्वर. सुरुवातीची तंतुवाद्यांची गुंफण फार हळुवार आहे. ऑर्केस्ट्रा नेहमीचं जाड कंपन लावून वाजवतात आणि ती तुपकट होते.

सातवी पहिल्यांदा स्टॉकहोममध्ये २४ मार्च १९२४ला वाजली, तेव्हा तिचं नाव सिंफनीही नव्हतं, 'फांतासिया सिनफोनिका' होतं. एकच सलग भाग, बावीस मिनिटांच्या आत. तंतुवाद्यं सरळ पायऱ्यांनी चढतात, सी मेजरची अपेक्षा होते, आणि पाय पडतो ए फ्लॅट मायनरवर. तिथून सगळा प्रवास सी परत मिळवण्याचा. मार्गावर ट्रॉम्बोन या पितळी वाद्याची भव्य चाल तीन वेळा येते: सी मेजर, सी मायनर, पुन्हा सी मेजर. हे तीन दगड ओळखले की वाट चुकत नाही. अडचण वाजवणाऱ्यांची: पहिला ट्रॉम्बोन एकटा, आणि भोवती अख्खा ऑर्केस्ट्रा फिरतोय. ट्रॉम्बोनने जोर लावून सुटका होत नाही, सूर फाटतो. बाकीच्यांनी एक पायरी खाली उतरायचं. शेवटच्या मात्रापट्टीत शुद्ध निषाद ताणला जातो आणि सा वर येतो, बस्स. तो सा टाळ्यांसाठी लांबवायचा नाही.

या सिंफनीच्या छापील पार्टमध्ये (प्रत्येक वादकाच्या वेगळ्या स्वरलिपीत) चुका खूप होत्या. पावो बेर्गलुंड या फिनिश संचालकाने हस्तलिखिताशी ताडून त्या शोधल्या आणि १९८० मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. कुणी हौशी ऑर्केस्ट्रात वाजवणार असेल तर भाड्याने आलेले पार्ट कोणत्या आवृत्तीचे आहेत हे पहिल्या तालमीआधी बघावं. नाहीतर 'तुझा स्वर चुकला' यात तालीम जाते आणि चुकलेला असतो कागद.

'तापिओला' हे ऑर्केस्ट्रासाठीचं एकभागी स्वरकाव्य सर्वांत शेवटी. २६ डिसेंबर १९२६, न्यूयॉर्क, संचालक वॉल्टर डॅमरॉश. अठरा-वीस मिनिटांचं अरण्य, आणि जवळजवळ सगळं सुरुवातीच्या एका छोट्या आकृतीतून उगवलेलं. झांजा नाहीत, हार्प नाही. याहून कमी साहित्यात याहून मोठं काही उभं राहू शकेल असं वाटत नाही. त्याला स्वतःलाही बहुधा वाटलं नसावं.

व्हायोलिन कन्चेर्टो तुम्हाला आवडतोच, म्हणून थोडंच. ८ फेब्रुवारी १९०४ला हेलसिंकीत पहिला प्रयोग फसला. भाग अवघड, वादक व्हिक्टर नोव्हाचेक त्याला पुरा पडला नाही, आणि रचनाही लांबली होती. सिबेलियसने ती मागे घेऊन कापली, पहिल्या भागातला बाखच्या वळणाचा दुसरा एकल तुकडा काढला. १९ ऑक्टोबर १९०५ला बर्लिनमध्ये व्हायोलिनवादक कारेल हालिर्झ आणि संचालक रिचर्ड श्ट्राउस यांनी नवं रूप सादर केलं. व्हायोलिनवादक लिओनिदास कावाकोसच्या ध्वनिमुद्रिकेत दोन्ही रूपं शेजारीशेजारी आहेत. कापणं म्हणजे काय हे त्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कळत नाही. आणखी एक: शेवटच्या भागावर 'अलेग्रो, मा नॉन तांतो' असं आहे, म्हणजे जलद, पण फार नको. आजचे वादक हे 'नको' वाचत नाहीत. मग टिंपनी आणि खालच्या तारांचा दणकट ठेका घसरून चिखल होतो, आणि व्हायोलिन नुसतं पळत सुटतं.

ध्वनिमुद्रणांबाबत. रॉबर्ट कायानुस हा त्याचा मित्र आणि समकालीन संचालक. त्याने १९३० ते १९३२ मध्ये लंडनमध्ये पहिली, दुसरी, तिसरी, पाचवी आणि 'तापिओला' मुद्रित केली. आवाज खरखरतो, पण सांधे कसे घ्यायचे ते तिथे ऐका. पूर्ण संच एकच घ्यायचा तर बेर्गलुंडचा चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोपबरोबरचा: वादक कमी, त्यामुळे थर वेगवेगळे दिसतात. उबदार हवं असेल तर संचालक बार्बिरोली आणि हॅले ऑर्केस्ट्रा. चौथी आणि 'तापिओला'साठी साठच्या दशकातला संचालक कारायान. पाचवीचं १९१५चं रूप ओस्मो वान्स्का आणि लाहती सिंफनी यांनी मुद्रित केलंय. आधी १९१९चं रूप दहा वेळा, मग हे, असा क्रम ठेवा. सिबेलियसने स्वतः संचालन केलेलं एकच मुद्रण उरलंय, १ जानेवारी १९३९ला रेडिओवरून वाजलेलं 'आंदान्ते फेस्टीव्हो'. नुसती तंतुवाद्यं आणि शेवटी टिंपनी. त्यात तारा किती घट्ट, किती सलग वाजतात ते ऐका. सिबेलियस म्हणजे थंडगार, हा समज तिथल्या तिथे विरघळतो.

आता आठवी. १९०४ पासून तो तूसुला सरोवराजवळ, यार्वेनपाला 'आइनोला' या लाकडी घरात राहत होता. घराला पत्नी आइनोचं नाव. तो हयात असेतो घरात पाण्याचे नळ घेतले नाहीत, कारण नळीतला आवाज त्याला लिहू देत नसे. 'तापिओला'नंतर मोठं काही बाहेर पडलं नाही. बोस्टनचे संचालक कुसेवित्स्की आठवीसाठी वर्षानुवर्षं मागे लागले. सिबेलियस हो म्हणे, तारीख देई आणि मागे घेई. काम चालू होतं हे नक्की, कारण १९३३ मध्ये पहिल्या भागाची नक्कल करण्यासाठी कागद नकलाकाराकडे गेले होते. १९४०च्या दशकात एके दिवशी त्याने कपड्यांच्या टोपलीभर हस्तलिखितं जेवणघराच्या शेकोटीत घातली; आठवीही त्यातच गेली असावी. आइनोच्या सांगण्यानुसार तिला ते बघवेना, ती उठून गेली, पण त्यानंतर तो शांत झाला.

याला वेड किंवा वार्धक्य म्हणून मोकळं होणारे भेटतात. पण चार भागांचे तीन, तीनांचा एक, आणि एका भागाची एक आकृती, असा जो वीस वर्षं उतरत गेला, त्याच्यापुढे पुढची पायरी कोणती उरली होती ते बघा. १९०७ मध्ये ऑस्ट्रियन रचनाकार माहलर हेलसिंकीला आला होता. सिबेलियस त्याला म्हणाला की सिंफनीत मला आवडतो तो तिचा कडकपणा, आणि सगळे धागे आतून जोडणारं तर्कशास्त्र. माहलरचं म्हणणं, सिंफनीत अख्खं जग मावलं पाहिजे. माहलरला लिहायला विषय कधी कमी पडला नसता. कडकपणा मात्र एका जागी जाऊन संपतो.

२० सप्टेंबर १९५७ रोजी सिबेलियस आइनोलात वारला, वय ९१. त्याच दिवशी हेलसिंकीत ब्रिटिश संचालक माल्कम सार्जेंट पाचवी वाजवत होते. कबर घराच्या बागेतच आहे. उरलेल्या कागदांतून आठवीचे वाटावेत असे तीन लहान तुकडे निघाले आणि २०११ मध्ये संचालक जॉन स्टुर्गोर्ड्सने ते हेलसिंकी फिलहार्मोनिककडून वाजवून घेतले. तीनही मिळून तीन मिनिटंसुद्धा भरत नाहीत. 'तापिओला' पचल्यावर ते ऐका. स्वरमेळ त्याहून धारदार, त्याहून अनोळखी आहेत, आणि तिसरा तुकडा नीट सुरू होतो न होतो तोच कागद संपतो.